विश्लेषण : ताटातल्या अन्नाचा रोगप्रतिकारशक्तीशी संबंध काय? आतड्यातील जिवाणू कसे काम करतात?

वैद्यकशास्त्राचे २०२५ चे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकाव्ह, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले. रोगप्रतिकारक यंत्रणेला आवर घालणाऱ्या ‘नियामक टी पेशीं’विषयीचे हे संशोधन होते. या पेशींची संख्या आणि काम यांवर आतड्यातील जिवाणूंचा प्रभाव पडतो आणि जिवाणूंवर आपल्या आहाराचा. हे नाते नेमके काय आहे?

आतड्यात किती जिवाणू असतात?

२०१६ मधील एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. शरीराच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आहेत. यातील बहुतांश जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटाही आतड्याच्या अस्तरालगतच असतो. कारण बाहेरचे अन्न, पाणी आणि त्यांसोबत जंतू रोज तिथूनच जातात. कोणाला सोडायचे आणि कोणाशी लढायचे, याचा निर्णय या पेशींना सतत घ्यावा लागतो.

तंतुमय पदार्थ इतके महत्त्वाचे का?

धान्याचा कोंडा, डाळी, भाज्या, फळे यांतील तंतू आपल्याला पचवता येत नाहीत. ते मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्यांतील बऱ्याच तंतूंना आंबवतात. त्यातून ब्युटिरेट, अॅसिटेट आणि प्रोपिओनेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी ब्युटिरेट इंधन म्हणून वापरतात. ही मेदाम्ले नियामक टी पेशींची वाढ घडवतात, असे २०१३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसले. या पेशी कमी पडल्या, तर प्रतिकारक यंत्रणा निरुपद्रवी गोष्टींवर किंवा शरीरावरच तुटून पडू शकते.

तंतू मिळाले नाहीत तर?

जिवाणू उपाशी राहत नाहीत, ते दुसरे खाद्य शोधतात. आतड्याच्या अस्तरावर श्लेष्माचा (म्युकस) थर असतो. त्यातही शर्करा असते. २०१६ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना तंतुविरहित आहार दिला गेला. तेव्हा जिवाणूंनी हा थरच कुरतडायला सुरुवात केली. थर पातळ झाल्याने रोगजंतू अस्तरापर्यंत सहज पोहोचले आणि उंदरांना गंभीर संसर्ग झाला.

माणसांवरील अभ्यास काय सांगतात?

स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ निरोगी प्रौढांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने १० आठवडे तंतूंचे प्रमाण वाढवले. दुसऱ्याने दही, केफिर, किमची यांसारखे आंबवलेले पदार्थ वाढवले. आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाशी संबंधित १९ प्रथिने घटली. तंतूंच्या गटात मात्र एवढ्या काळात विविधता वाढली नाही. प्रतिकारक यंत्रणेचा प्रतिसादही व्यक्तीनुसार वेगळा होता. ज्यांच्या आतड्यात आधीपासून विविध जिवाणू होते, त्यांच्यात दाह कमी झाला. म्हणजे तंतू पचवणारे जिवाणूही असावे लागतात.

कर्करोगाच्या उपचारांवर परिणाम होतो?

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर इम्युनोथेरपी घेणाऱ्या १२८ रुग्णांचा आहार तपासण्यात आला. ‘सायन्स’मध्ये २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आहारातील तंतू दर ५ ग्रॅमने वाढल्यास आजार बळावण्याची किंवा मृत्यूची जोखीम ३० टक्क्यांनी कमी दिसली. पुरेसे तंतू खाणाऱ्या आणि प्रोबायोटिक गोळ्या न घेणाऱ्या रुग्णांची स्थिती सर्वांत चांगली होती. मात्र हे निरीक्षण आहे. तंतूंमुळेच फरक पडला, असे त्यातून सिद्ध होत नाही. रुग्णांनी आहारातील बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

मग प्रोबायोटिक गोळ्या घ्याव्यात का?

सरसकट नाही. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये मूळचे जिवाणू परतायला अधिक वेळ लागला, असे इस्रायलच्या वाइझमन संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासात आढळले. काही ठरावीक आजारांत डॉक्टर विशिष्ट प्रोबायोटिक देतात. ‘इम्युनिटी वाढवा’ अशा जाहिराती पाहून स्वतःच्या मनाने गोळ्या घेणे ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय प्रतिकारशक्ती नुसती वाढून उपयोग नाही, ती वेळेवर शांतही व्हायला हवी.

रोजच्या जेवणात काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील शिफारशीनुसार प्रौढांनी रोज किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, मोड आलेली मटकी, पालेभाज्या, पेरू यांतून हे प्रमाण गाठता येते. सोबत दही किंवा ताक असावे. इडली, ढोकळाही आंबवलेले असतात, पण वाफवताना त्यांतील जिवाणू मरतात. कढी उकळली की तिचेही तेच होते. त्यामुळे हे पदार्थ पौष्टिक असले तरी जिवंत जिवाणूंसाठी ताज्या ताकाची जागा घेत नाहीत.

तंतू एकदम वाढवल्यास पोट फुगते, गॅस होतो. म्हणून ते हळूहळू वाढवावेत आणि पाणी पुरेसे प्यावे. आतड्याचे विकार असलेल्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. आहार बदलल्यावर काही दिवसांतच जिवाणूंमध्ये फरक दिसू लागतो, पण जुन्या सवयी परतल्या की तो ओसरतोही. त्यामुळे चार दिवसांच्या ‘डाएट’पेक्षा रोजचे साधे जेवणच अधिक उपयोगी ठरते.