रायगड किनाऱ्यावरचे ज्येष्ठ नागरिक संघ

साठी ओलांडलेल्यांनी स्वतःसाठी चालवलेली संस्था म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ. राज्यातील अशा संघांची शिखर संस्था, फेस्कॉम, १९८० साली स्थापन झाली. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनारी तालुक्यांत संघाचा कारभार बहुधा निवृत्त शिक्षक, बँकेतली आणि सरकारी कचेऱ्यांतली माणसे पाहतात. खर्च वर्गणीतून निघतो. जागा मिळेल ती: वाचनालयाचा हॉल, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप.

मासिक सभेचा क्रम ठरलेला असतो. प्रार्थना, मागील सभेचे इतिवृत्त, महिन्याभरात गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली, आणि लगेच त्याच महिन्यात वाढदिवस असलेल्यांना गुलाबाचे फूल. मग एखाद्या डॉक्टरांचे व्याख्यान, हयातीच्या दाखल्याची आणि श्रावणबाळ योजनेच्या अर्जांची चौकशी, चहा, पसायदान. त्रयस्थाला हे रटाळ वाटेल. संघाचे खरे काम मात्र हजेरीच्या वहीत असते. लागोपाठ दोन सभांना न दिसलेल्या माणसाच्या घरी कोणीतरी चौकशीला जातो. व्याख्यान हे निमित्त.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी आली, पासष्टीपुढच्यांनी घरीच राहावे असे केंद्राचे निर्देश निघाले आणि वही मिटली. तरीही कोकणातली घरे लगेच सुनी झाली नाहीत. मुंबईचे चाकरमानी गावी परतले होते. विलगीकरणाचे दिवस काढून झाल्यावर कित्येक पडव्या वर्षानुवर्षांत भरल्या नव्हत्या इतक्या भरल्या. त्यातच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. कौले, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, वीज आणि मोबाईल अनेक गावांत कित्येक दिवस बंद राहिले. शहरातल्या वृद्धांना त्या काळात फोनचा आधार होता. इथे नेमका तोच तुटला.

वाडीचे नुकसान रुपयांत मोजून संपत नाही. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षे लागतात. सत्तरी गाठलेल्या बागायतदाराला रोजचे शिंपणे, सुपारी वाळवणे, सोलायला येणाऱ्या बायकांशी बोलणे, व्यापाऱ्याशी घासाघीस, असा दिवसभराचा माणसांचा राबता ती वाडीच पुरवत होती. पुढे चाकरमानी कामावर परतले, तेव्हा घर आणि वाडी दोन्ही रिकामी झाली. एकटेपणाची झळ टाळेबंदीपेक्षा तिच्यानंतर जास्त लागली ती यामुळे.

१ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना लस मिळू लागली, तरी घराबाहेर पडण्याची सवय मोडली होती. त्यात वर्षअखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या गावांना रेल्वे नाही, त्यामुळे एसटी थांबली की म्हातारी माणसे गावातच अडकतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट होतेच, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही ते लागू झाले. एकाकीपणावरचा इलाज म्हणून ही सवलत कोणी आखली नव्हती. उपयोग मात्र तसा झाला. बँक, दवाखाना, लेकीचे घर आणि संघाची सभा पुन्हा आवाक्यात आली. अर्थात तिकीट फुकट असले तरी गाडी वेळेवर हवी, आणि आडगावाला परतीची गाडी एकच असेल तर सभा तिच्याच वेळेवर बेतावी लागते.

महामारीत रुळलेले संघांचे व्हॉट्सअॅप गट पुढेही टिकले. त्यांत सुप्रभातच्या फुलांचा मारा असतो, पण गावात कोण गेले आणि डोळ्यांचे शिबिर कधी आहे, हेही तिथेच कळते.

संघाची उणी बाजू अशी की इतिवृत्त-अहवालाची त्याची भाषा पेन्शनरांची आहे. कोळीवाड्यातली आजी साठीनंतरही टोपली घेऊन बाजारात बसते; तिची सोबत गिऱ्हाईक आणि शेजारची कोळीण. कातकरी वाडीवरचा म्हातारा सभासदांच्या यादीत क्वचितच सापडतो. बायकांचा ओढा हरिपाठाकडे, भजनी मंडळाकडे आणि रेवदंड्याच्या धर्माधिकारींच्या परंपरेतल्या आध्यात्मिक बैठकांकडे जास्त. हळदीकुंकवाला विधवेला टाळणारी घरे अजून आहेत. हरिपाठात मात्र तिला कोणी अडवत नाही.

या मंडळींना संघात आणायचे तर आधी वेळ बदलावी लागेल. संध्याकाळी पाचची सभा पुरुषांच्या सोयीची असते. त्या सुमारास नातवंडे शाळेतून येतात आणि रात्रीच्या स्वयंपाकाची घाई सुरू होते. दुपारी जेवणे आटोपल्यावर, बाजार उठल्यावर आणि परतीच्या गाडीच्या आधी तासभर सभा ठेवली, तर बायकांनाही येता येईल.