किती लिहू, काका?

गणपती तोंडावर आले की एखाद्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजते. बाहेर पाच-सहा पोरं उभी असतात, एकाच्या हातात पावतीपुस्तक, दुसऱ्याच्या कानावर पेन. "किती लिहू, काका?" काका लगेच आकडा सांगत नाहीत. "समोरच्यांनी किती दिले?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा जरा खोचक असतो : "मागच्या वर्षीचा हिशेब फळ्यावर लावला होता का रे?"

पहिल्या प्रश्नावर पोरं हसतात, दुसऱ्यावर एकमेकांकडे बघतात. लोकांच्या पैशातून आणि घामातून उभं राहिलेलं बरंचसं काम या दुसऱ्या प्रश्नावरच तरलं किंवा बुडालं आहे.

वर्गणी ही महाराष्ट्राची जुनी सवय. देवळाच्या पायरीवर, बसथांब्याच्या बाकावर 'यांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरं दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर पंख्याच्या पात्यांवरही देणगीदाराचं नाव असतं. पंखा चालू असेपर्यंत ते वाचता येत नाही, वीज गेली की वाचता येतं.

या सवयीला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अंताजी दामोदर काळे यांनी मोठं काम दिलं. त्यांची कल्पना साधी होती : देशी उद्योगासाठी प्रत्येकाने फक्त एक पैसा द्यावा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत, म्हणजे ६४ जणांनी खिशात हात घातला की एक रुपया जमायचा. या 'पैसा फंडा'ला लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. तिथे नुसती काच बनत नसे, काच बनवणारी माणसंही तयार होत. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशातल्या इतर कारखान्यांत गेले.

पैसाही नसेल तर? ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा ज्यांच्या मुलांसाठी ती होती त्यांच्या घरी रोकड नव्हतीच. मग 'मुष्टिफंड' आला. बाईने दळण करताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा होऊन संस्थेच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जायचं. हे कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा.

शहरात गोष्ट वेगळी. तिथे शेजाऱ्याचं आडनाव दारावरच्या पाटीवरून कळतं आणि कचरा 'म्युन्सिपाल्टी बघेल' असं म्हणून मोकळं होता येतं. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी मात्र नव्वदच्या दशकात ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायला आणि ओल्याचं खत करायला सुरुवात केली. गल्लीतला हा प्रयोग पाहून मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये 'प्रगत परिसर व्यवस्थापन' ही योजना आखली. इंग्रजीत ती 'ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट', अधिकाऱ्यांच्या बोलण्यात 'एएलएम'. गल्लीतले रहिवासी समिती करतात आणि गटार, दिवा, कचरा याची तक्रार एकेकट्याने न करता मिळून वॉर्ड ऑफिसात नेतात.

मुंबईतच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह हे वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी असे दोघेच हातमोजे घालून प्लॅस्टिक उचलायला गेले. पुढे दर शनिवार-रविवारी माणसं वाढत गेली. २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला. पण मुंबईकरांना जास्त अप्रूप वाटलं ते मार्च २०१८ मध्ये, त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे चालत निघाली तेव्हा.

पैसे आणि कचरा मोजता येतो. पाणी कसं मोजायचं?

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने त्याचं उत्तर दिलं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव दुष्काळाने आणि भांडणांनी पोखरलेलं होतं. गावाने श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं. त्याहून अवघड काम पुढचं : पावसाळा संपला की किती पाऊस झाला, प्यायला आणि जनावरांना किती लागेल, पिकासाठी किती उरेल, याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडायचा. पाणी कमी असेल तर कुठलं पीक घ्यायचं नाही, हेही तिथेच ठरतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात पाणी अडवण्याची तर स्पर्धाच झाली. आमिर खान आणि सत्यजित भटकळ यांच्या पानी फाउंडेशनने वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतल्या ११६ गावांना चर खणायला, पाणी जिरवायला ४५ दिवस दिले. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि त्याला ५० लाखांचं बक्षीस मिळालं. २०१८ पर्यंत स्पर्धा ७५ तालुक्यांत पोचली होती.

स्पर्धेतल्या गावांच्या माळांवरचं सर्वांत महत्त्वाचं यंत्र म्हणजे तीन काठ्या. दोन समान लांबीच्या काठ्या वर बांधायच्या, मध्ये तिसरी आडवी. वरच्या टोकाला दोरी, दोरीला दगड. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आले. तिथे फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा, पुन्हा दोरी शांत होईपर्यंत थांबायचं. फक्कीच्या अशा ठिपक्यांवरून खणलेला चर पूर्ण डोंगरभर एकाच उंचीवर राहतो, त्यामुळे त्यात आलेलं पाणी पळून जात नाही, जागीच मुरतं. याला म्हणतात सलग समतल चर. इंजिनीअरची वाट न बघता हे काम शाळेतली मुलगीही करू शकते. संध्याकाळी टेप धरून घनमीटर मोजले जात आणि आज कुणाच्या आळीने किती खणलं याची चर्चा पारावर चाले. हातांनी न होणाऱ्या कामाला जेसीबी लागे. मग त्याच्या डिझेलसाठी वर्गणी निघे आणि पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली पोरं मोबाइलवरून पैसे पाठवत.

अडचण येते ती नंतर. खणायला गाव लोटतं, गाळ काढायला चार जण येतात. पावसाने माती वाहून आली की चर उथळ होत जातो. शहरातल्या समित्यांचंही तेच : खड्डा बुजेपर्यंत बैठकीला गर्दी, मग दोन निवृत्त काका आणि चहाचे कप. श्रमदानाचे फोटो निघतात, देखभालीचे कुणी काढत नाही.

वर्गणीच्या पैशाच्या बाबतीत तर कायदाही आहे. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळाला वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घ्यावी लागते. अनेक मंडळं तो परवाना पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावरच चिकटवतात. काकांनी विचारण्याआधीच दाखवता येतो.

काही मंडळं एक पाऊल पुढे जातात. विसर्जनानंतरच्या आठवड्यात मांडव उतरतो, पण फळा तिथेच राहतो. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च : मूर्ती, मांडव, वीज, प्रसाद, आणि उरलेल्या पैशातून वस्तीतल्या पोरांना वह्या. दूध आणायला निघालेले काका दोन मिनिटं थांबतात, चष्मा वर सरकवतात आणि उजवी बाजू खालून वर बोटाने मोजत जातात.