पद नाटकातून निघते, तेव्हा मागे काय राहते?

मंडळी, आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. नाटकात एक पात्र एक पद म्हणते. काही वर्षांनी एखादी पार्श्वगायिका तेच पद स्टुडिओत गाते, त्याची रेकॉर्ड निघते, ती घरोघरी वाजते. शब्द तेच आहेत, चालही ओळखीची आहे. मग पद तेच राहिले का? आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसे, ‘तेच’ आणि ‘तसेच’ यांत फरक करायची आम्हाला खोड. पण इथे हा फरक नुसता शब्दांचा नाही.

उदाहरण घेऊ आशा भोसले यांनी गायलेल्या नाट्यपदांचे. त्यातली बरीच पदे त्यांचे वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी रंगभूमीवर गाजवलेली. दीनानाथ 24 एप्रिल 1942 रोजी गेले तेव्हा आशाताई आठ वर्षांच्या होत्या. म्हणजे या गाण्यांत वडिलांची आठवण आहे, हे उघडच. पण आम्हाला आज पाहायचे आहे ते दुसरेच.

‘मानापमान’ घ्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नाटक, 1911 सालचे, संगीत गोविंदराव टेंबे यांचे. धैर्यधर हा गरीब सेनापती. श्रीमंत भामिनी आधी त्याचा अपमान करते आणि पुढे त्याच्याच प्रेमात पडते. ‘युवतिमना’ हे पद धैर्यधराचे. माणूस लढवय्या, म्हणून प्रेमाबद्दल बोलतानाही त्याच्या तोंडी रणांगणाचे शब्द येतात. नाटक पाहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण सेनापती समोर उभा असतो. आशाताईंच्या रेकॉर्डमध्ये तो नाही. तिथे एक बाई गाते, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही!

का खटकत नाही? कारण आपल्याला ही सवय रंगभूमीनेच लावली. मूळ भामिनी होते बालगंधर्व. पुरुषाने स्त्रीचे पद गायले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. पुढे रेकॉर्डवर स्त्रीने पुरुषाचे पद गायले. दोन्हीकडे गाणारा एक आणि बोलणारा दुसरा. फरक असा, की रंगमंचावर वेश, संवाद, समोरचे पात्र हे सगळे मदतीला असते. रेकॉर्डवर सगळी भिस्त एकट्या आवाजावर. दीनानाथांच्या काळातल्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत वाढत जाणारे पद तेवढ्यात बसवायचे, म्हणजे निवड करावीच लागे. पुढे 1948 मध्ये अमेरिकेत एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटांची जागा झाली. मग वेगवेगळ्या नाटकांतली पदे एका गायकाच्या नावाखाली शेजारी शेजारी बसू लागली. नाटक हा धागा सुटला, आवाज हा धागा झाला.

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ हे इंग्रजी गाणे 1937 सालच्या ‘बेब्स इन आर्म्स’ या संगीत नाटकातले. तिथे व्हॅलेंटाइन हे एका पात्राचे नावच आहे आणि एक मुलगी त्याला उद्देशून गाते. पुढे फ्रँक सिनात्रा आणि इतर अनेकांनी ते गायले, आणि आज बहुतेकांना ते 14 फेब्रुवारीचे गाणे वाटते. गाणे जगभर पोचले, तो मुलगा मात्र नाटकातच राहिला.

आता आपल्या विदर्भातले उदाहरण. अमरावतीचे वीर वामनराव जोशी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले नाटककार. त्यांच्या ‘रणदुंदुभि’ (1927) मधले परवशतेचे पद दीनानाथांनी गाजवले आणि पुढे आशाताईंनीही गायले. 1927 च्या प्रेक्षकाला परवशता कोणाची, हे विचारायची गरज नव्हती, साहेब राज्य करीत होता. स्वतंत्र देशात रेकॉर्ड ऐकणाऱ्याला मात्र ते आधी सुंदर गाणे म्हणून भेटते. स्वर पूर्ण पोचतो, संदर्भ अर्धा.

मग रेकॉर्ड म्हणजे नुकसान का? आम्हाला तसे वाटत नाही. रेकॉर्ड नसती तर नाटक बंद पडल्यावर पदही गेले असते. पण रेकॉर्ड पद जपते, त्याचा प्रसंग जपत नाही. तो आपणच जपावा लागतो. ‘मानापमान’चे भाग्य असे, की नाटकाची संहिता छापलेली आहे. कोणते पद कोणाचे, कोणत्या प्रवेशात, हे आजही उघडून पाहता येते.

आता आपल्या झाडीपट्टीकडे बघा. धान निघाले, मंडई आणि शंकरपट सुरू झाले, की वडशाच्या मंडळ्यांची नाटके चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत रात्रभर चालतात. इथे पद अजून आपल्या जागी आहे. नट स्वतः गातो, साथ समोर चालू असते, आणि बाप लेकीला निरोप देताना पद आले तर मांडवातल्या बायाबापड्या पदर डोळ्याला लावतात. गाणे कोणाचे, कोणाला, कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असते. आता मोबाइल आले. लोक पदे रेकॉर्ड करतात, एकमेकांना पाठवतात. चांगलेच आहे. पण तीन मिनिटांच्या त्या तुकड्यासोबत नाटकाचे नाव, पद लिहिणाऱ्याचे नाव, चाल बांधणाऱ्याचे नाव जातेच असे नाही. दोन हंगाम गेले, की ‘कुठले तरी जुने गाणे’ एवढेच उरते.

म्हणून तरुण मंडळींना एकच सांगणे. पद रेकॉर्ड करा, पण खाली पाच गोष्टी लिहा: नाटक कोणते, पद कोणाचे, चाल कोणाची, गायले कोणी, आणि कोणत्या प्रसंगात. पुढे एखादी चांगल्या गळ्याची पोरगी हे पद स्टुडिओत गाईल, तेव्हा तिला नुसती चाल मिळू नये. आपण कोणाच्या तोंडचे शब्द गातो आहोत, हेही तिला कळले पाहिजे.