देवळातले सहा आठवडे

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की पाली लागतं. पुढे घाट चढला की मांजरसुंबा, आणि तिथून जवळच मन्मथस्वामींचं कपिलधार. समजा, पालीतल्या एखाद्या घरात कर्ता मुलगा एकटाच बडबडू लागला, रात्र-रात्र झोपेना, आईवरच संशय घेऊ लागला. घरचे आधी कुठे धावतील? राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. चारही मराठवाड्याबाहेर. देव मात्र हाकेच्या अंतरावर असतो. शेजारीण हळूच म्हणते, ‘बाहेरचं दिसतंय,’ आणि वाट ठरते.

ती वाट अडाणीपणाची, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक छोटासा अभ्यास छापून आला, तो वाचून मी चकित झालो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले डॉ. रघुराम आणि त्यांचे सहकारी तामिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात गेले. तिथे गंभीर मानसिक आजाराची माणसं मुक्कामाला येत असत. त्यांनी अशा 31 जणांची लक्षणं मुक्कामाच्या सुरुवातीला मोजली आणि निघताना पुन्हा मोजली. सरासरी मुक्काम सुमारे सहा आठवड्यांचा. औषध नाही, मंत्रतंत्र नाही, झाडफूक तर नाहीच. सकाळची साधी पूजा, मग झाडलोट, झाडांना पाणी घालणं असली कामं. सोबत घरचं एक माणूस. पैसे नाहीत. तरी लक्षणांचा आकडा जवळजवळ 20 टक्क्यांनी खाली आला. नव्या औषधांच्या चाचण्यांत साधारण एवढाच उतार दिसतो!

मग नेमकं काय लागू पडलं? अभ्यासकांना वाटलं, आधार देणारी, धाक नसलेली जागा. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ‘बाहेरचं’ आलं आहे असं धरलं की दोष रोग्याचा राहत नाही, आईच्या वळणाचाही राहत नाही. घरातली भांडणं थांबतात आणि सगळे एका बाजूला येतात.

महाराष्ट्रातली गोष्ट तर याहून विलक्षण आहे. महानुभाव पंथाची काही देवळं बाधा उतरवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. (बीड जिल्ह्यातच, गेवराई तालुक्यात गोदाकाठी, महानुभावांचं पांचाळेश्वर आहे, पण तिथल्या रीतीबद्दल मी इथे बोलत नाही.) वीडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राज्यातल्या अशा एका देवळाचा अभ्यास केला. तो 1987 साली प्रसिद्ध झाला. तिथे त्यांना दिसलं की आजारी माणूस एक, आणि अंगात येतं दुसऱ्याच्या! आजारी मुलाला किंवा नवऱ्याला घेऊन आलेली बाई स्वतःच घुमू लागते. त्याचं दुखणं आपल्यावर घेतलं तर तो सुटेल, हा त्यामागचा भाव. मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकात ‘काळजीवाहकावरचा ताण’ असा एक कोरडा मथळा असतो. इथे तो ताण भर देवळात, केस मोकळे सोडून, आरतीच्या वेळी बोलतो. यात करुणा आहे. पण बाईनंच का झिजायचं, हा प्रश्नही आहेच, आणि तो माझ्या मनातून जात नाही.

श्रद्धेच्या जागी सगळंच असं मायेचं नसतं. तामिळनाडूतल्याच एरवाडीला दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका निवासात 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली. रोगी साखळदंडांनी बांधलेले होते. 28 जण गेले. आता 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे. त्याआधी, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 साली आला. तो शांतपणे वाचण्यासारखा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा. आणि प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना मुभा. म्हणजे रघुराम यांच्या मंदिरात जे होतं त्यातलं काहीच इथे गुन्हा ठरत नाही; एरवाडीतलं मात्र ठरतं.

गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावाला मीरा दातार दर्ग्यात 2008पासून दुआ आणि दवा दोन्ही एका आवारात नांदतात. मुजावर दुआ देतात आणि माणसाला तिथल्याच मनोविकार दवाखान्यात पाठवतात. गोळी घ्यायला सांगणारा मुजावरच असला की गोळी घेतली जाते, यात नवल नाही. देवऋष्याला नावं मीही ठेवतो; पण पेशंट त्याच्या ओट्यावर आधी पोचतो, हे कोणी बदललेलं नाही. दूर गावातल्या माणसाला आता 14416 या क्रमांकावर टेलि-मानसची मोफत मदतही मिळते, हे त्या ओट्यावर कुणी लिहून ठेवलं तर बरं.

राहता राहिली मंदिरातल्या त्या 20 टक्क्यांची शंका. रघुराम यांच्याकडे तुलनेला दुसरा गट नव्हता. नुसता काळ लोटल्यानंही काहींना बरं वाटलं असेल. ते ताडून पाहायचं तर तितकीच माणसं, तितकेच आठवडे, तीच झाडलोट, सोबतीला घरचं माणूस, पण देव नसलेली धर्मशाळा हवी. आता सांगा, आपलं आजारी माणूस घेऊन त्या धर्मशाळेत सहा आठवडे राहायला पालीहून कोण निघेल?