सहा सेकंदांत कापलेलं प्रेम

इअरफोन नीट लावा. आजचा एपिसोड छोटा आहे, पण माझ्यासाठी जरा पर्सनल आहे. विषय आहे फँटसी गोष्टींमधली गे पात्रं आणि त्यांची प्रेमं.

सुरुवात अर्थातच डम्बलडोरपासून. हॅरी पॉटरचं सातवं, शेवटचं पुस्तक जुलै २००७ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, एका प्रश्नाला उत्तर देताना जे. के. रोलिंग यांनी सांगितलं, की त्या डम्बलडोरला गे समजत आल्या आहेत, आणि तरुणपणी तो ग्रिंडेलवाल्डच्या प्रेमात पडला होता. सभागृहात टाळ्या वाजल्या.

मला हे कळलं नववीत. मीही गे आहे, आणि तेव्हा ते कोणाला सांगायची सोय नव्हती. त्या रात्री सातवं पुस्तक पुन्हा उघडून मी ते एक वाक्य शोधत बसलो. दोघांची मैत्री सापडली, एक पत्र सापडलं. ते वाक्य काही सापडलं नाही.

आता मी रोज कोड लिहितो, त्यामुळे तेव्हा काय खटकलं ते नीट सांगता येतं. कोडमध्ये कॉमेंट नावाचा प्रकार असतो. ती ओळ फक्त माणसांनी वाचायची, कम्प्युटर तिच्याकडे बघतही नाही. काढून टाकली तरी प्रोग्रॅम जसाच्या तसा चालतो. पुस्तकातल्या डम्बलडोरचं प्रेम हे असं कॉमेंटमध्ये राहिलं.

बरं, पुढे २०२२ मध्ये 'द सीक्रेट्स ऑफ डम्बलडोर' सिनेमा आला. त्यात तो स्वतःच्या तोंडाने प्रेमाची कबुली देतो. पण चीनमध्ये रिलीज करताना ते संवाद कापले. किती? सहा सेकंद. दोन तासांहून मोठ्या सिनेमातले फक्त सहा सेकंद! स्टुडिओचं म्हणणं, सिनेमाचा आत्मा शाबूत आहे. मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की सहा सेकंद गेल्यावरही गोष्ट कुठेच अडली नाही.

आता याच्या अगदी उलट उदाहरण बघा, आणि तेही चीनमधलंच. २०१९ ची ५० भागांची मालिका, 'द अनटेम्ड'. मूळ कादंबरीत वेई वूशिएन आणि लान वांगजी हे दोन नायक सरळ सरळ जोडपं आहेत. पण तिथल्या सेन्सॉरमुळे मालिकेत किस नाही, कबुली नाही, म्हणायला फक्त मैत्री. तरी एक सीन सांगतो. वेई मेला असं सगळे धरून चाललेत. सोळा वर्षांनी एक मुखवटा घातलेला माणूस बासरीवर एक धून वाजवतो, आणि लान त्याला तिथेच ओळखतो. कारण ती धून त्यानेच वेईसाठी केलेली असते. हे कसं कापणार? हे काढलं तर गोष्टच उरत नाही.

आणि जिथे कापाकापीची सक्ती नव्हती, तिथेही हळूहळूच बदललं. डिसेंबर २०१४ मध्ये 'द लेजंड ऑफ कोरा'च्या शेवटी कोरा आणि असामी फक्त हात धरतात. ते प्रेमच होतं, हे निर्मात्यांना नंतर वेगळं लिहून सांगावं लागलं. मे २०२० मध्ये 'शी-रा'च्या शेवटच्या भागात मात्र कॅट्रा अडोराला सांगते, की माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्यामुळेच मरायला टेकलेली अडोरा उठते आणि जग वाचतं. लहान मुलांचं कार्टून आहे हे! ते नववीत मिळालं असतं, तर ती रात्र मी शोधण्यात घालवली नसती.

जाता जाता घरचं सांगतो. गणपतीला माझा पार्टनर आमच्या घरी येतो. आरतीत टाळ वाजवतो, आई त्याला न विचारता दोन मोदक जास्त वाढते. आणि शेजारच्या काकू आल्या, की सांगते, "हा ह्याचा रूममेट."

म्हणजे आमच्या घरी सध्या 'द अनटेम्ड' चालू आहे. शब्द कापलाय, गोष्ट शाबूत आहे. तरी तो शब्द मला ऐकायचाय, आईच्या तोंडून, काकूंसमोर.

या वेळी काही बघताना एक करून बघा. ते प्रेम मनातल्या मनात डिलीट करा आणि गोष्ट पुढे चालते का बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!