दूरदर्शनकडून हातातल्या पडद्याकडे : बालरुग्ण आणि निदानपरिवर्जन

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वऱ्हाडातील खेड्यांत संच पोहोचायला आणखी बरीच वर्षे लागली. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिका रविवारी सकाळी लागे, तेव्हा ज्याच्या घरी संच असे त्याच्याकडे अर्धी आळी जमे. मुले फार टीव्ही पाहतात ही तक्रार तेव्हाही होतीच. परंतु त्या पाहण्याला तीन मर्यादा आपसूक होत्या. पडदा काही हात दूर असे, कार्यक्रम ठरलेल्या वेळी संपे आणि पाहणारे मूल सहसा एकटे नसे.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईल अभ्यासाचे साधन म्हणून मुलांच्या हाती आला. शाळा उघडल्या, तरी तो हातातून सुटला नाही. आज पडदा वीतभर अंतरावर आहे, एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते आणि मूल पांघरुणात एकटेच असते. म्हणून ‘किती तास पाहतो?’ एवढाच प्रश्न आता अपुरा ठरतो.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात इंद्रियार्थांचा असात्म्य संयोग सांगताना अतिमात्र दर्शनास अतियोग म्हटले आहे, तर अतिनिकट दर्शनाची गणना मिथ्यायोगात केली आहे. दूरचित्रवाणीचा दोष मुख्यतः अतियोगाचा होता; मोबाईलमध्ये अतियोग व मिथ्यायोग एकत्र आले. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या पहिल्या अध्यायात नेत्ररोगांच्या हेतूंमध्ये सूक्ष्म निरीक्षण व स्वप्नविपर्यय सांगितले आहेत आणि निदानपरिवर्जन हेच चिकित्सेचे सार, हेही तेथेच सांगितले आहे.

चरक शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायातील खेळण्यांचे वर्णनही विचारणीय आहे. खेळणे रंगीबेरंगी, नाद करणारे, मनोहर व हलके असावे; ते टोकदार, तोंडात जाणारे, जीवघेणे वा भीतिदायक नसावे. वरवर पाहता मोबाईल यांतील बहुतेक कसोट्यांना उतरतो, म्हणूनच तो फसवा आहे. पुढे आचार्य बजावतात की मूल रडले किंवा जेवले नाही तरी त्यास राक्षस-पिशाचांची नावे घेऊन भिववू नये. पूर्वी अशा वेळी बागुलबुवा येई. आता मोबाईल येतो. मूल गप्प होते, घास गिळते. पण आहारविधीत अपेक्षित असलेले तन्मनस्कत्व तेथे उरत नाही.

वलगाव परिसरात कापूस वेचणीच्या वा सोयाबीन काढणीच्या दिवसांत आई-वडील दिवसभर वावरात असतात. मूल मोबाईलपाशी राहते, यात त्यांना दोष देणे योग्य नव्हे. मात्र ‘भूक लागत नाही’, ‘चिडचिड करतो’, ‘रात्री लवकर झोपत नाही’, ‘डोळे चोळतो’ असे सांगून औषधी दुकानात टॉनिक वा डोळ्यांचे थेंब मागितले जातात, तेव्हा औषध काढण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत: पडदा डोळ्यांपासून किती अंतरावर असतो? जेवताना सुरू असतो काय? झोपण्यापूर्वी शेवटी काय पाहतो? सोबत कोण असते?

दूरचे अंधुक दिसत असल्यास नेत्रतपासणीस पाठवावे. नंबर निघाल्यास चष्मा द्यावाच. औषधाने तो उतरेल असे आश्वासन देऊ नये. मोकळ्या उजेडात रोजचे खेळणे दृष्टीस हितकर आहे, हे पालकांना आवर्जून सांगावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांखालील बालकांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षे वयात दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, असे सुचविले. मोठ्या मुलांची जडलेली सवय मात्र एकाएकी मोडू नये. अहिताचा त्याग पादांशिक क्रमाने करावा, हा चरकोक्त मार्ग येथे उपयुक्त आहे. प्रथम जेवणाच्या वेळचा मोबाईल सोडवावा, मग झोपेपूर्वीचा, त्यानंतर एकट्याने पाहण्याचा.

२०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. दुसरा मार्ग आम्हास अधिक शास्त्रसंमत वाटतो, कारण त्यात वडीलधाऱ्यांनाही पथ्य आहे.

हेतू कायम ठेवून दिलेली बाटली विकली जाते, परंतु मूल तसेच राहते आणि अपयश शास्त्राच्या पदरी पडते. सबब, वैद्य व औषधविक्रेते बंधुभगिनींनी बालरुग्णास औषध देताना हे पथ्य चिठ्ठीवर प्रथम लिहावे, ही नम्र विनंती.