पुतळी आणि १९१५ चे नाणे

काटेवाडीच्या आमच्या घरी आजीची पुतळ्यांची माळ आहे. पुतळीचे मूळ व्हेनिसच्या डुकाटात. १२८४ पासून पाडलेले हे सोन्याचे नाणे व्यापारातून इकडे आले आणि त्यावरील संत मार्क व गुडघे टेकलेला राज्यप्रमुख यांना आपल्या सोनारांनी आपल्या परीने मूर्तींचे रूप दिले.

परवा नातवाने त्याच नावाचे ऑस्ट्रियाचे नाणे आणले. त्यावर साल १९१५! शतकापूर्वीचे समजून त्याने सोन्याच्या भावाहून बरीच अधिक रक्कम मोजली होती. वस्तुतः व्हिएन्नाच्या टांकसाळीने हे डुकाट पुढेही तेच साल कोरून पाडले आहेत. वजन ३.४९ ग्रॅम, शुद्धता हजारी ९८६. सोन्यात खोट नाही, फसगत झाली ती सालाची. सोनेतारण कर्ज देताना आम्ही वजन आणि कसच पाहत असू.

आजीच्या माळेचे वजन मात्र मी अद्याप केलेले नाही.